पेटीची गुणगुण

पद्मजा मगदूम घरात शिरली ती चपला काढून थेट पलंगाशेजारच्या पेटीकडे गेली. पलंगावरच्या माणसाकडे तिने पाहिलंच नाही, आणि तो माणूस खवळला.

"अगं ए पद्मी! आधी माणसाची चौकशी करावी, मग यंत्राची. एवढं पण शिकवलं नाही का तुला मी?"

आवाज पेटीतून आला होता. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तो कुणीही ओळखला असता. थोडा नाकातला, खरखरीत, वाक्याचा शेवट ओढून बोलणारा, दस्तगीर शिकलगारांचा. चाचांचे ओठ मात्र हलले नव्हते. मज्जातंतूंच्या आजाराने आधी त्यांचे हात नेले, मग पाय, मग जीभ. आता डोळे आणि पापण्या तेवढ्या त्यांच्या हुकमात होत्या. गळ्याला एक पातळ पट्टी चिकटवलेली होती आणि तिची तार पेटीत जात होती. चाचांच्या मनात बोलायचं आलं की गळ्याच्या नसांत अगदी बारीक थरथर उठे, आणि तिचे शब्द करून पेटी बोले.

"चुकलं चाचा," पद्मजा हसत म्हणाली आणि पलंगाच्या कडेला टेकली. "कसे आहात?"

"मजेत. सगळं गेलं, घोरणं तेवढं राहिलं. डोळा लागला की अख्खी गल्ली जागी करतो म्हणे मी. तू वाळलीस."

"कामं फार आहेत."

"कामं फार आहेत म्हणून तरी आलीस. एरवी कुठली येतीस!"

हे खरंच होतं. ती सरकारी तपासनीस होती. घराघरांत आणि दवाखान्यांत बसवलेली संगणकयंत्रं दुरुस्तीला घ्यायच्या आधी ती हात लावण्याजोगी आहेत की नाहीत, हे बघायचं तिचं काम. तिने हिरवी पट्टी लावल्याशिवाय दुरुस्तीवाल्याने झाकणाचा एक स्क्रूसुद्धा फिरवायचा नाही, असा कायदा होता. आज पेटी तापते अशी तक्रार होती. पंखा बदलायला आलेला कंपनीचा दुरुस्तीवाला बिराजदार बाहेर ओट्यावर बसून घड्याळ बघत होता, आणि दर थोड्या वेळाने मोठ्याने खाकरत होता.

पद्मजाचं बालपण ह्याच घराच्या मागच्या बोळात गेलेलं. शाळा सुटली की ती चाचांच्या कारखान्यात येऊन बसायची. तंबोऱ्याचे वाळलेले भोपळे आढ्याला टांगलेले असत. चाचा एखादा उतरवून तिच्या मांडीवर ठेवत आणि म्हणत, "ठोक. काय म्हणतो?" बोटाच्या पेराने ठोकलं की धड भोपळा घुमायचा आणि आतून चिरलेला बसक्या आवाजात बोलायचा. पुढे ती इंजिनिअर झाली, तपासनीस झाली, पण यंत्र समोर आलं की आधी त्याला बोटाने ठोकून बघायची खोड काही गेली नाही. ऑफिसातले लोक हसायचे. हसोत बापडे.

"चाचा, एक विचारते. पेटीला कुणी हात लावला का? काही डागडुजी, काही बदल?"

"कोण लावणार? घरात सगळे घाबरतात तिला. मध्यंतरी ती गुणगुणायची बघ. बारीक, एका सुरात. मला आवडायची ती. दुपारचं पडल्या पडल्या साथीला कुणी बसल्यासारखं वाटायचं. हल्ली आपली आपणच गप्प झाली. का गं?"

पद्मजाचा पिशवीत गेलेला हात तिथेच थांबला.

"काही नाही," ती म्हणाली. "बघते."

ह्या पेट्यांची जात काय होती, ते इथे सांगायला हवं, नाहीतर पद्मजाचा हात का थांबला ते कळायचं नाही.

जुन्या संगणकात यंत्र वेगळं आणि त्यातली विद्या वेगळी. यंत्र बिघडलं तर फेकून द्या, विद्या उचलून दुसऱ्यात भरा, काम चालू. नव्या पेट्यांचं तसं नव्हतं. त्यांच्या पोटात केसाहून पातळ पापुद्र्यांचे थर असत, एकावर एक, हजारोंनी. पेटी शिकायला लागली की त्या पापुद्र्यांत विद्युतभारित कण इकडचे तिकडे सरकत आणि जिथे सरकले तिथे रुतून बसत. ते रुतणं हीच तिची आठवण. दोन पेट्यांचे पापुद्रे कधी सारखे निपजत नसत, त्यामुळे एकीतली विद्या दुसरीला देता येत नसे. नक्कल काढायला जावं तर वाचता वाचताच कण हलत आणि मूळही बिघडे. बदल्यात ही पेटी एवढ्याशा विजेवर जन्मभराची विद्या सांभाळी, म्हणून जगभर तिचं कौतुक झालं.

आणि तेच कण म्हणजे साठवलेली वीजही होती. प्लग काढला, पेटी बंद केली, तरी ती आतून भरलेलीच. बंद पेटी अशी गोष्टच नव्हती. तिला खरोखर निर्धोक करायचं तर एकच मार्ग होता. निचऱ्याची दांडी लावायची आणि सगळा भार जमिनीत सोडून द्यायचा. त्यासरशी पेटी शिकलेलं सगळं पुसलं जाई, आणि उरे ती कोरी पेटी.

पापुद्रे जुने झाले की आत थोडा वायू धरे. तो बाहेर जावा म्हणून पाठीमागे मोहरीएवढं छिद्र असे आणि छिद्रावर धातूची इवलीशी पाकळी. वायू निघताना ती पाकळी थरथरे आणि बारीक गुणगुण होई. ती गुणगुण म्हणजे पेटीचा श्वास. ती आपोआप कधी थांबत नसते.

पद्मजाने पेटीची वायर तपासली, प्लग बघितला, जमिनीशी जोडलेली तार ओढून पाहिली. सगळं जागच्या जागी होतं. मग पेटीच्या कडेला तिने बोटाचं पेर टेकवलं आणि ठोकलं. आवाज बसका आला. दुसऱ्या कडेला ठोकलं, तिथेही तोच. तिने पेटी हळूच वळवली आणि पाठ उजेडाकडे केली.

छिद्र नव्हतंच. त्या जागी तांबूस, तुळतुळीत, आरशासारखा चकाकणारा ठिपका होता. ज्या माणसाने तो घासून काढला त्याचा हात फार तयार होता. तशी चकाकी तिने ह्याच घरातल्या तंबोऱ्यांच्या पाठीवर पाहिलेली होती.

"यासीन!" तिने हाक मारली. "जरा इकडे ये."

चाचांचा मुलगा यासीन शेजारच्या कारखान्यातून हात पुसत आला. चाळिशीचा, अंगाने आडवा, मितभाषी माणूस. यंत्रात छापून निघणारे तंबोरे बाजारात आल्यापासून ह्या गल्लीतली निम्मी घरं धंद्यातून उठली होती, पण यासीनने बापाचं नाव रेटून चालवलं होतं.

"हे काय आहे?" पद्मजाने विचारलं.

"लाख," तो लगेच म्हणाला. "वरून चपड्याचं पॉलिश. का ताई?"

"कुणी लावली?"

"मीच. गुणगुण करायची हो सारखी. कारखान्यात तंबोरा लावायला बसलो की कानात हिचाच सूर, ना षड्ज ना ऋषभ, मधलाच. गिऱ्हाईक वैतागून उठायचं. वाद्याला अशी झण आली की आम्ही फट शोधतो आणि बुजवतो, तसं केलं. बंद झाली की! दोनेक महिने झाले..." बोलता बोलता त्याचं लक्ष पद्मजाच्या चेहऱ्याकडे गेलं. "ताई, काय झालं?"

तिने पेटीच्या पाठीवर दाब मोजायची चकती चिकटवली. चकती क्षणभर पांढरी राहिली, मग लाल झाली आणि लालच राहिली.

"यासीन, पोरांना घेऊन आयेशावहिनीला शेजारी पाठव. आत्ता. आणि चूल पेटलेली असेल तर विझव."

बिराजदार दारात येऊन उभा राहिला. चकतीचा रंग बघून त्याचं खाकरणं थांबलं. "मॅडम, ही फुगलीय," तो हळू आवाजात म्हणाला. "हिला झाकण उघडण्यात अर्थ नाही. निचरा करा आणि मोकळ्या व्हा. नियमच आहे."

"मला नियम माहीत आहे, बिराजदार."

"निचरा म्हणजे काय?" दुसऱ्या दारातून प्रश्न आला. चाचांची मुलगी जैनब हातात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. गल्लीत बायका ह्या धंद्यात नव्हत्या. चाचांनी कुणाचं न ऐकता तिला जवारी शिकवायला घेतलं होतं. तंबोऱ्याच्या तारांखालची घोडी कानसीने किती घासली म्हणजे तार नुसती वाजायच्याऐवजी बोलू लागते, ते कसब. अंथरुणाला खिळल्यावरही चाचा नुसतं ऐकून पेटीतून सांगत: आता थांब, आता एक हात डावीकडे.

पद्मजाने सगळं सांगितलं, चाचांच्या समोरच. त्यांच्यापासून लपवून त्यांच्याच आवाजाचा निवाडा करणं तिला जमलं नसतं.

"म्हणजे मी गप्प," पेटी म्हणाली.

"होय चाचा."

"नवी पेटी आणली तर?"

पद्मजाने मान हलवली. "ही पेटी तुमच्याकडे आली तेव्हा तुम्ही थोडंफार बोलत होता. तुमचा आवाज जसजसा खाली गेला तशी ती तुमच्या मागोमाग उतरत गेली. आता गळ्यात जी थरथर राहिलीय ती हिलाच कळते. नवीला काहीच कळणार नाही."

ट्रेमधले ग्लास किणकिणले. जैनबने तो खाली ठेवला आणि ती भावाकडे वळली.

"तू अब्बांचा गळा बुजवलास," ती म्हणाली. "एका गिऱ्हाइकासाठी! तुला एकदा विचारावंसं वाटलं नाही कुणाला? या अल्लाह, भाई, वाद्य आणि बाप ह्यातला फरक कळत नाही तुला?"

यासीन भिंतीला पाठ लावून उभा राहिला आणि सरकत सरकत खाली बसला. पलंगावरून चाचांचे डोळे त्याच्याकडे लागले होते.

"मॅडम," बिराजदार म्हणाला, "दांडी आणू का गाडीतून?"

"आणा," पद्मजा म्हणाली. "पण लावायची मी सांगेन तेव्हा."

तो गेला तसा यासीन उठला. "ताई, लाख स्पिरिटमध्ये विरघळते. मीच लावली, मीच काढतो. छिद्र मोकळं झालं की..."

"वेडा आहेस का? पेटी तापलीय, आत पेट घेणारा वायू आहे आणि तू वरून स्पिरिट ओतणार?"

"मग खरवडून काढतो."

"आत पाकळी आहे. तिला कानस लागली तर उघडायच्याऐवजी फुटेल."

"मग थंड करून घेऊ. ओली पोती गुंडाळून. भोपळे आम्ही तसेच ठेवतो उन्हाळ्यात." त्याने हात जोडले. एवढा दांडगा माणूस, पण आवाज पार चिरकला होता. "ताई, एकदा. फक्त एकदा बघू द्या."

ती मान हलवून नाही म्हणणार होती. नाहीच म्हणायचं असतं. लाल चकती दिसली की तपासनिसाने माणसं बाहेर काढायची, निचरा करायचा आणि निघायचं. नोकरीला लागल्यापासून तिने अशा कितीतरी पेट्या कोऱ्या केल्या होत्या. बँकेच्या, पाणीपुरवठ्याच्या, एका दवाखान्याची सुद्धा. एकदाही मागेपुढे पाहिलं नव्हतं.

तिने चाचांकडे बघितलं. "चाचा, तुम्ही सांगा."

"मी काय सांगू? पेटीची बाई तू. पण तुला काही होणार असेल तर राहू दे. एवढी वर्षं बडबडलो, बास झालं."

झालं, ह्यावरच तिचा निश्चय झाला. "बिराजदार," ती दांडी घेऊन परतलेल्या दुरुस्तीवाल्याला म्हणाली, "मी पेटी अंगणात नेतेय. तुम्ही रस्त्यावर उभे राहा आणि कुणाला आत सोडू नका. उद्या कुणी विचारलं तर जे बघितलं तेच सांगा. माझं नाव घ्या."

बिराजदारने दांडी तिच्या हाती दिली. मग बाहेर जाऊन त्याने फाटक लावून घेतलं.

गळ्याची तार सोडवताना पद्मजाने चाचांच्या कपाळावर हात ठेवला. तार निघाली आणि खोलीतला तो खरखरीत आवाज गेला. चाचा डोळ्यांनी तिच्याकडे बघत राहिले. जैनबने तोंडावर ओढणी दाबून धरली होती.

अंगणात वाळूचा ढीग होता. दोघांनी पेटी त्याच्या मधोमध ठेवली आणि भोवती ओली पोती रचली. यासीन विहिरीचं पाणी पोत्यांवर ओतत राहिला आणि पद्मजा तापमान बघत राहिली. आकडा इतका सावकाश उतरत होता की दोनदा तिला वाटलं, यंत्रच अडकलं. दुपारची उन्हं भिंतीवर चढली. पलीकडच्या घरात कुणीतरी तार छेडून बघत होतं. पद्मजाला त्या माणसाचा राग आला.

"आता," ती म्हणाली. "थेंबाने. कापूस नको, नुसतं बोट."

यासीनने बोटाचं टोक स्पिरिटमध्ये बुडवलं आणि लाखेवर टेकवलं. गोल फिरवलं. बोट पुसलं. पुन्हा बुडवलं. चकाकी गेली, ठिपका चिकट झाला, मग मळकट. त्याच्या कपाळावरचा घाम भुवईपर्यंत आला तसा पद्मजाने स्वतःच्या पदराने पुसला, थेंब पेटीवर पडू नये म्हणून. दोघंही श्वास धरून होती. लाल चकती दोघांच्या मध्ये तशीच लाल होती.

"ताई, तुम्ही मागं व्हा."

"बोट चालव."

लाखेचा शेवटचा पापुद्रा सुटला आणि पेटीने फुस्स करून सुस्कारा टाकला. यासीन दचकून मागे पडला. पद्मजा जागची हलली नाही. कडवट वासाचा एक झोत तिच्या मनगटावरून गेला, विरला आणि मग आली ती गुणगुण. बारीक, एका सुरात, ना षड्ज ना ऋषभ.

चकती लालची केशरी झाली, केशरीची पिवळी.

"झालं?" यासीन वाळूत बसल्या बसल्या विचारत होता. "ताई, झालं का?" आणि उत्तराची वाट न बघता त्याने ओरडून सांगितलं, "जैनब! वाजली बघ! पेटी वाजली!"

पद्मजाही हसली. खोटं कशाला बोला, तिला रडूच आलं. डोळे पुसून तिने पेटीच्या बाजूला बोटाने ठोकलं. आवाज अजून बसकाच होता. तिने तापमान बघितलं. उतरलेला आकडा थांबला होता. ती बघत राहिली. आकडा एकाने चढला. मग आणखी एकाने.

पोती ओली होती, वायू निघून गेला होता, तरी पेटी तापत होती. म्हणजे दोन महिन्यांच्या दाबाने आतले पापुद्रे एकमेकांना जाऊन भिडले होते. भिडलेल्या ठिकाणी वीज झिरपत होती, झिरपताना तापत होती, तापल्याने आणखी पापुद्रे भिडत होते. हे आता कुणाच्याही बोटाने थांबणारं नव्हतं.

"यासीन," ती म्हणाली, "थोडा वेळ मिळालाय. तेवढाच. लांब तार आहे माझ्याकडे. खिडकीतून आत देते. अब्बांना बोलू दे."

त्याचा चेहरा बघवेना, म्हणून ती तार सोडवायला वळली. तापलेल्या पेटीला माणूस जोडणं हा तर नियमाचा उघड भंग होता. तिने तारेत जादा वीज अडवणारा जाड रोधक घातला, दोनदा तपासला, आणि खिडकीशी अशी उभी राहिली की एका डोळ्याला पेटीचा आकडा दिसावा आणि दुसऱ्याला चाचा. निचऱ्याची दांडी तिच्या हातात होती.

"चाचा," ती म्हणाली, "आकडा धोक्याच्या रेघेला लागला की मी दांडी लावणार. तुमचं वाक्य अर्धं असलं तरी लावणार. माफ करा."

"लाव की." आवाज आता अंगणातून येत होता, गुणगुणीवर स्वार होऊन. "पोरं कुठायत?"

जैनब उशाशी बसली. तिच्या हातात फोन होता, अब्बांचे शब्द धरून ठेवायला. मांडीवर तिने अर्धा घासलेला तंबोरा घेतला होता. एवढ्याशा वेळात जवारीचं काय काय विचारून घ्यावं, हे तिचं ठरलेलं दिसत होतं. यासीन दारातच थांबला, आत यायचं धाडस नसल्यासारखा.

"अब्बा, खर्जाची तार..." जैनबने सुरुवात केली.

"खर्जाचं तुला येतं. माझ्याकडून ऐकायची सवय लागलीय, म्हणून विचारतीस. आता स्वतःच्या कानाने घास. चुकलीस तर चुकशील." पेटी क्षणभर थांबली. आकडा चढला. "जैनब, तुझ्या भावाला आत बोलव. दारात काय उभा राहिलाय पाहुण्यासारखा."

यासीन आत आला.

"पद्मी, तू पण ऐक. तुला लिहायचं असेल ना, लाख कुणी लावली ते?"

"होय चाचा."

"मग नीट लिही. लाख लावायला मी सांगितली."

बाहेर पेटी गुणगुणत होती.

"अब्बा..." यासीन म्हणाला.

"मध्ये बोलू नको. माझ्या गळ्यात वेळ नाही. जैनब, ऐकतीस ना? हा नको म्हणत होता. कंपनीला विचारू म्हणाला. मीच ऐकलं नाही. म्हटलं, मी सांगतोय तर बुजव. मला तो सूर सोसवेना. आता ऐक, कसली बेसूर गुणगुणतीय! ह्याच्यासाठीच सांगितलं होतं. बापाचं ऐकलं त्याने, त्याचा काय गुन्हा? त्याला बोल लावायचा नाही. मी गेल्यावर पण नाही. कळलं?"

जैनबचा फोन मांडीवर पडला होता. ती भावाकडे बघत होती.

पद्मजा खिडकीशी दगडासारखी उभी होती. तिला चाचांचे मघाचे शब्द जसेच्या तसे आठवत होते. मला आवडायची ती. साथीला कुणी बसल्यासारखं वाटायचं. आपली आपणच गप्प झाली. आयुष्यात ज्या माणसाने चिरलेल्या भोपळ्याला कधी धड म्हटलं नाही, तो माणूस तिच्यासमोर, शेवटचे शब्द मोजून, धडधडीत खोटं बोलत होता. आणि ते किती सफाईने!

आकडा रेघेला लागला.

"चाचा," ती म्हणाली. तिने दांडी वर धरली.

"हां, पद्मी. बंद कर आता ती गुणगुण. डोकं उठवलं..."

तिने खिडकीतली तार ओढून काढली, चार ढांगांत अंगण ओलांडलं आणि दांडी लावली. दांडीच्या दुसऱ्या टोकाशी वाळूतून निळी ठिणगी उठली, एकदाच. पेटीच्या अंगावरून कोमट वाफ गेली. गुणगुण खाली खाली उतरली आणि थांबली. आकडा घसरायला लागला. पद्मजाने पेटीला बोटाने ठोकलं. पेटी पोकळ, मोकळी घुमली.

फाटकाशी बिराजदार उभा होता. त्याने टोपी काढून हातात घेतली होती. "मॅडम," तो म्हणाला, "अहवालात बदल कुणी केला ते लागतं. काय लिहू?"

"त्यांनी सांगितलं ते लिहा," पद्मजा म्हणाली. "पेशंटच्या सांगण्यावरून."

ती आत आली तेव्हा जैनब भावापाशी जमिनीवर बसली होती आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती. "भाई, मला काय माहीत," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "तू सांगायचंस ना मला. मी काय काय बोलले तुला." यासीनने मान खाली घातली होती. बहिणीचा हात त्याला सोसत नव्हता, हे पद्मजाला दिसत होतं.

थोड्या वेळाने तो उठला. पलंगापाशी जाऊन गुडघ्यांवर बसला आणि त्याने तोंड बापाच्या कानाशी नेलं. पापण्यांची खूण घरात सगळ्यांना पाठ होती. एकदा मिटली तर हो, दोनदा मिटली तर नाही. यासीन अगदी हळू बोलला, पण पद्मजा खिडकीशीच होती, तिला ऐकू आलं.

"अब्बा, तुम्ही कुठं सांगितलं होतं मला? तुम्हाला तर माहीतसुद्धा नव्हतं. नव्हतं ना, अब्बा?"

चाचांनी मुलाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग त्यांनी डोळे मिटले आणि ते उघडलेच नाहीत.

यासीन वाट बघत राहिला.

"झोपले वाटतं," जैनब डोळे पुसत कुजबुजली. "दमलेत. राहू दे त्यांना, भाई."

पद्मजाने पिशवी उचलली आणि ती चपला घालायला दाराशी वाकली. दस्तगीरचाचा झोपले की घोरतात, हे अख्ख्या गल्लीला माहीत होतं. तिने कान देऊन ऐकलं. चाचांची छाती संथ वरखाली होत होती आणि खोलीत अगदी शांतता होती.